लवंग कुठंय? कुत्र्याला विचारा

मसाल्याच्या डब्यात लवंग असते. बिर्याणीच्या दिवशी चक्रीफूल बाहेर निघतं. आजीच्या गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा तो थंडगार, नाकात शिरणारा वास घरात कुठेतरी असतोच. या तीन वासांवर अमेरिकेत एक अख्खा खेळ उभा आहे. त्यात खेळाडू असतो कुत्रा, आणि माणूस दोरी धरून मागे चालतो.

खेळाचं नाव नोज वर्क. 2006 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात रॉन गाँट, एमी हेरॉट आणि जिल मेरी ओब्रायन या तीन प्रशिक्षकांनी त्याचे वर्ग सुरू केले. पोलिसांचे आणि कस्टम्सचे कुत्रे जे काम नोकरी म्हणून करतात, ते घरच्या कुत्र्यांना खेळ म्हणून का करू देऊ नये, असा साधा विचार त्यामागे होता. अंमली पदार्थ आणि स्फोटकं काही कुणी घरी ठेवू शकत नाही. म्हणून सहज विकत मिळतील असे तीन सुगंधी तेलांचे वास निवडले गेले : बर्च, अ‍ॅनिस आणि लवंग.

हे वास आपल्या इतके ओळखीचे का?

बर्च म्हणजे भूर्जाच्या कुळातलं झाड. ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या तो भूर्ज हिमालयातला, आणि या खेळातला ‘स्वीट बर्च’ अमेरिकेतला. त्याचं तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट. आपल्या गंधपुऱ्याच्या तेलातही हेच असतं, आणि तिथून ते सांधेदुखीच्या मलमात येतं. म्हणजे बर्चची कुपी उघडली की आपल्याला आजीची आठवण येणार! अ‍ॅनिसमधलं अ‍ॅनिथोल बडीशेपेतही असतं आणि चक्रीफुलातही. लवंगेतलं युजेनॉल तर दाढदुखीच्या रात्री आपण सगळ्यांनीच चाखलेलं आहे.

2017 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन केनेल क्लबने ‘सेंट वर्क’ नावाने अशाच स्पर्धा सुरू केल्या आणि चौथा वास आणला सायप्रसचा. स्वीडनने मात्र सगळा डबाच बदलला. तिथले कुत्रे निलगिरी, लॉरेलचं पान आणि लॅव्हेंडर शोधतात. लॉरेलचं पान म्हणजे आपल्या तमालपत्राचा युरोपातला जोडीदार, त्यामुळे तिथेही स्वयंपाकघर सुटलेलं नाही.

बारा खोकी, तीन मिनिटं

स्पर्धेआधी एक प्रवेशपरीक्षा असते. सारखी दिसणारी बारा खोकी मांडलेली असतात आणि त्यांतल्या एकात वास असतो. वेळ तीन मिनिटं. तेल खोक्यात ओतत नाहीत. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या बरणीत ठेवून तेलाचे थोडे थेंब टाकायचे, की काड्या वास धरतात. त्यातली एखादी काडी भोकं असलेल्या छोट्या डबीत ठेवून ती डबी लपवतात. एवढ्याशा कापसाचा मागमूस आपल्या नाकाला खोलीच्या दारात लागणारही नाही.

परीक्षा पार पडली की खरा खेळ. त्यात शोध चार प्रकारचे : खोकी आणि बॅगा, बंद खोली, मोकळी जागा आणि गाड्या. गाडी फक्त बाहेरून हुंगायची. चाकाच्या आत, नंबरप्लेटमागे, बंपरच्या खाचेत डबी असू शकते. केनेल क्लबच्या स्पर्धेत जमिनीत पुरलेली डबीही शोधावी लागते, आणि एका वेगळ्या विभागात तर मालकाचा मोजा किंवा हातमोजा. तेल नाही, मसाला नाही, निव्वळ आपल्या माणसाचा वास!

कुत्र्याने डबी शोधली की माणसाने ओरडायचं, ‘अ‍ॅलर्ट!’ परीक्षक ‘येस’ म्हणतो किंवा ‘नो’. कुत्र्याने अमुकच खूण करावी असा नियम नाही. कुणी थबकतं, कुणी बसतं, कुणी मान वळवून मालकाकडे असं बघतं की शब्दांची गरजच उरत नाही. मात्र शोधाच्या जागेत तंगडी वर केली तर तो शोध बाद.

मालकालाच माहीत नसतं

मला या खेळातला सगळ्यात सुंदर नियम हाच वाटतो : डबी कुठे आहे हे माणसाला सांगत नाहीत. वरच्या पातळ्यांवर तर डब्या किती आहेत हेही सांगत नाहीत. तिसऱ्या पातळीवर एखादी खोली पूर्ण रिकामी असू शकते, आणि ‘इथे काही नाही’ असं कुत्रा सांगतोय हे ओळखून मालकाने ‘फिनिश’ म्हणायचं असतं. न सापडणं हेही इथे उत्तर असतं. शाळेतल्या कुठल्या परीक्षेत एवढी प्रौढ अट असते?

हा नियम का हवा, ते 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या एका प्रयोगाने दाखवून दिलं. एका चर्चच्या चार खोल्यांत अंमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणाऱ्या 18 जोड्या आणल्या. प्रत्येक जोडीत एक प्रशिक्षित कुत्रा आणि एक अनुभवी हँडलर. काही ठिकाणी लाल कागद चिकटवले होते, आणि हँडलरना सांगितलं होतं की कागद असेल तिथे माल लपवला आहे. प्रत्यक्षात चारही खोल्यांत काहीही नव्हतं. 144 फेऱ्या झाल्या. त्यांतल्या फक्त 21 फेऱ्या कोऱ्या गेल्या. बाकीच्यांत मिळून कुत्र्याने खूण केल्याचं 225 वेळा सांगण्यात आलं. कुत्र्याला भुलवण्यासाठी सॉसेज आणि टेनिसबॉल लपवलेल्या जागांपेक्षा माणसाला भुलवणाऱ्या लाल कागदापाशी अशा खुणा जास्त झाल्या.

कुत्र्यांचं नाक शाबूत होतं. माणसाच्या मनात जागा आधीच ठरली होती, आणि ती कुठून तरी दोरीत उतरली. पाय किंचित रेंगाळले असतील, श्वास रोखला गेला असेल, किंवा साधी हालचालही ‘सापडलं!’ अशी वाचली गेली असेल. बर्लिनमधला हुशार हान्स नावाचा घोडा आठवतो का? खुर आपटून बेरजा-वजाबाक्या करायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की घोडा गणित करत नव्हता, समोरच्या माणसाचा चेहरा आणि अंग वाचत होता. बरोबर आकडा आला की माणूस नकळत सैलावायचा आणि खुर थांबायचा. कुत्रा तर आपल्याला घोड्यापेक्षाही जास्त ओळखतो.

म्हणून नोज वर्कच्या वर्गात नवख्या कुत्र्याला पहिल्या दिवसापासून मोकळं सोडतात. ‘बस’ नाही, ‘नको’ नाही, बोट दाखवणं नाही. खोकी मांडायची आणि गप्प उभं राहायचं. घरच्या सगळ्या खेळांत हुकूम आपला असतो. इथे कुत्र्याला ठाऊक आहे, आपल्याला नाही, आणि त्याचं ऐकायला शिकणं हा आपला अभ्यास. अमेरिकेतल्या स्पर्धांच्या मैदानावर मालक एकमेकांना सतत एकच गोष्ट बजावतात : आपल्या कुत्र्यावर विश्वास ठेव.

नाकाची करामत, फटाफट

माग काढताना कुत्रा सेकंदाला पाच-सहा वेळा हुंगतो. आपण तेवढ्या वेळात एक श्वासही पुरा करत नाही.

त्याच्या नाकपुड्यांच्या कडेला ज्या चिरा दिसतात त्या शोभेच्या नाहीत. हवा समोरून आत जाते आणि उच्छ्वास त्या चिरांतून बाजूला व मागे फेकला जातो. त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही.

वास ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात 50-60 लाखांच्या घरात, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. पण निव्वळ संख्येने भारावून जाऊ नका. खरी गंमत नाकाच्या बांधणीत आहे. आत आलेल्या हवेचा छोटासा भाग नाकाच्या मागच्या बाजूच्या एका खास कोनाड्यात वळतो आणि तिथे वासाची छाननी होते. फुप्फुसांची वाट वेगळी. म्हणजे श्वास घेणं आणि वास घेणं ही दोन कामं आत वेगवेगळ्या खोल्यांत चालतात.

2006 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात दोन कुत्र्यांना पिकलेल्या केळ्यासारखा वास असलेलं रसायन हुंगायला दिलं. एक लाख कोटी भाग हवेत त्या रसायनाचे एक-दोन भाग असले तरी त्यांना ते कळत होतं.

इटलीतल्या बारी विद्यापीठात दिसलं की नवा वास आला की कुत्रे आधी उजव्या नाकपुडीने हुंगतात. वास ओळखीचा आणि निर्धोक ठरला की डावीवर जातात. पशुवैद्याच्या घामाचा वास दिला तेव्हा मात्र ते उजवीवरच राहिले! लस द्यायला नेताना आपला कुत्रा दारातच का अडतो, ते यावरून कळतं.

नॉर्वेत 1993 मध्ये चार जर्मन शेफर्ड कुत्र्यांना माणसाच्या मागावर आडवं नेलं. माणूस कुठल्या दिशेने गेला, हे त्यांनी दोन ते पाच पावलं हुंगून सांगितलं. निर्णयाला लागले तीन ते पाच सेकंद. विचार करा, लागोपाठच्या दोन पावलांमध्ये सेकंदाचंही अंतर नसतं. ‘हे पाऊल आधीचं, ते नंतरचं’ एवढा बारीक फरक त्या नाकाला लागतो.

आणि चेक प्रजासत्ताकात 2011 मध्ये दहा पोलिसी कुत्र्यांसमोर एकसारख्या जुळ्यांचे वास ठेवले. एकाच घरात राहणारी, एकच जेवण जेवणारी जुळी. कुत्र्यांनी त्यांना वेगळं ओळखलं. सख्खी आईसुद्धा कधीकधी ज्यात चुकते!

हवा पाण्यासारखी वाहते

डबी टेबलाखाली आहे आणि कुत्रा समोरच्या भिंतीला नाक लावून उभा आहे. चुकला का तो? नाही. वास हवेबरोबर वाहत गेला आणि भिंतीला अडून तिथे साचला. या खेळातली माणसं हळूहळू हवा ‘बघायला’ शिकतात. उन्हातल्या भिंतीशी हवा वर चढते आणि वासालाही वर नेते. कोपऱ्यात वास तळ्यासारखा साचतो. दाराच्या फटीतून तो ओढला जातो. आपल्या घरातला छताचा पंखा तर वासाची पार घुसळण करतो.

कुत्रा त्या प्रवाहात शिरला की क्षणात कळतं, पण बघणाऱ्याचं लक्ष हवं. पळता पळता मान झटक्यात वळते. शेपटीची लय बदलते. धापणारं तोंड एकदम मिटतं, कारण तोंड उघडं ठेवून नीट हुंगता येत नाही. मग तो वासाची कड शोधत डावीकडे-उजवीकडे जातो, वास सुटला की परत फिरतो, आणि ती जागा लहान लहान होत शेवटी एका बिंदूवर येते. कुत्रा विचार करताना दिसतो, तो हा क्षण. मला यापुढे कुठल्याही शर्यतीचा शेवट फिका वाटतो.

धाप आणि नाक यांचं वैर इस्रायलमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये मोजलं. स्फोटकं शोधणारे कुत्रे दमून धापू लागले की त्यांचं यश घटत होतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी हा खेळ मांडू नये, हे वेगळं सांगायला नको.

लाल रुमालवाले

दुसऱ्या कुत्र्याला बघून बिथरणारा, भुंकणारा, घाबरणारा कुत्रा बाकीच्या बहुतेक खेळांतून बाहेर पडतो. इथे पडत नाही. शोधाच्या जागेत एका वेळी एकच कुत्रा असतो. ज्याला मोकळी जागा लागते त्याच्या गळ्यात लाल रुमाल बांधतात, आणि तो दिसला की बाकीचे अंतर राखतात. बहिऱ्या आणि आंधळ्या कुत्र्यांनाही अमेरिकन केनेल क्लब या खेळात घेतो. जातिवंत असण्याची अटही नाही. म्हातारा कुत्रा, ज्याला उड्या मारायला आता गुडघे साथ देत नाहीत, तो इथे तरण्या कुत्र्याला मागे टाकू शकतो.

2019 मध्ये एका छोट्या अभ्यासात 20 घरगुती कुत्रे घेतले. निम्म्यांना दोन आठवडे रोज नाकाचा खेळ दिला, निम्म्यांना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा सराव. मग दोन्ही गटांसमोर अशा जागी वाटी ठेवली, जिथे खाऊ असेल की नाही याचा अंदाज येत नाही. नाकाचा खेळ खेळलेले कुत्रे तिच्याकडे आधीपेक्षा जास्त उमेदीने धावले. ‘असेल, खाऊ असेलच!’ दुसऱ्या गटात असा बदल दिसला नाही. कुत्र्याला फिरायला नेताना दर खांबापाशी दोरी ओढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. त्याला हुंगू द्या. फिरणं त्याच्यासाठी तेच आहे.

चुलतभावंडं

बार्न हंट नावाचा खेळ अमेरिकेत 2013 च्या सुमारास सुरू झाला. गवताच्या गासड्यांची रास रचायची आणि त्यात नळ्या लपवायच्या. एका नळीत जिवंत उंदीर, एकीत फक्त उंदराखालचा भुसा, एक रिकामी. कुत्र्याने जिवंत उंदराची नळी दाखवायची आणि मालकाने ‘रॅट!’ म्हणायचं. उंदीर भक्कम, हवेशीर नळीत सुरक्षित असतात, त्यांची देखभाल करायला वेगळा माणूस असतो, आणि बहुतेक ते कुणाचे तरी लाडके पाळीव उंदीर असतात.

इंग्लंडमध्ये ब्लडहाउंड कुत्र्यांच्या स्पर्धा शंभराहून जास्त वर्षं चालू आहेत. तिथे ‘स्वच्छ बुटाचा माग’ काढतात, म्हणजे बुटाला कुठलाही कृत्रिम वास न लावता, शेताडीतून चालत गेलेल्या माणसाच्या निव्वळ अंगवासावर.

ट्रफल हे जमिनीखाली वाढणारं महागडं अळंबं. पूर्वी ते शोधायला डुकरीण नेत. पण डुकरीण सापडलेलं ट्रफल स्वतःच खाऊन टाकते आणि जमीनही उकरून ठेवते. 1985 पासून इटलीत त्या कामाला डुकरांना बंदी आहे. कुत्र्यांना मात्र ट्रफलपेक्षा मालकाच्या खिशातला बिस्किटाचा तुकडा प्रिय! इटलीतली ट्रफल शोधायची ही परंपरा 2021 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या यूजीन शहरात ट्रफल शोधणाऱ्या कुत्र्यांची ‘जोरियाड’ नावाची स्पर्धा होते. तिथे इटलीहून आलेल्या, खास याच कामासाठी नावाजलेल्या लागोट्टो रोमान्योलो जातीचे कुत्रे उतरतात. 2018 मध्ये जिंकला कोण? गुस्ताव नावाचा चिवावा मिश्र जातीचा, पिशवीत मावेल असा कुत्रा.

आणि टकर. हा काळा लॅब्रेडॉर मिश्र कुत्रा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर होडीच्या टोकावर उभा राहून समुद्रात तरंगणारी ऑर्का देवमाशांची विष्ठा शोधायचा. ती विष्ठा थोड्याच वेळात बुडते, म्हणून घाई असते. टकरच्या वळणाऱ्या मानेवर होडीची दिशा ठरायची. त्या टकरला पाण्यात उतरायला भीती वाटायची.

आपला झंजीर

आपल्याकडे या नाकाचं मोल मुंबईला 1993 मध्ये कळलं. साखळी बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या श्वानपथकातल्या झंजीर या लॅब्रेडॉरने 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर आणि 249 हातबॉम्ब शोधून दिले. तो पुण्यात शिकून आला होता. 16 नोव्हेंबर 2000 रोजी कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. फुलांनी झाकलेला झंजीर आणि त्याला सलाम करणारा वर्दीतला अधिकारी, तो फोटो अनेकांच्या डोळ्यांसमोर आजही असेल.

पोलिसी कुत्र्यांच्या स्पर्धाही आपल्याकडे होतात. अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात देशभरची श्वानपथकं माग काढणं, स्फोटकं शोधणं आणि अंमली पदार्थ शोधणं यांत एकमेकांशी झुंजतात. वन्यजीवांच्या तस्करीविरुद्ध ‘ट्रॅफिक’ या संस्थेने 2008 मध्ये कुत्रे तयार करण्याचा कार्यक्रम सुरू केला. वाघाचं कातडं आणि हाडं शोधायला शिकलेले कुत्रे त्यातून वनविभागांकडे गेले.

आज संध्याकाळी, घरच्या घरी

तेलाच्या कुप्या लगेच मागवू नका. नोज वर्कची सुरुवात खाऊनेच होते. तेल नंतर येतं, आधी खाऊच्या जोडीला आणि पुढे एकटं. शिवाय बर्चच्या तेलातलं मिथाइल सॅलिसिलेट पोटात गेलं तर कुत्र्याला विषारी असतं, आणि लवंगेचं तेलही त्याच्या नाकाला किंवा अंगाला लावायची चीज नाही. तो टप्पा जाणत्या प्रशिक्षकाबरोबर.

आज लागतील पुठ्ठ्याची तीन रिकामी खोकी आणि उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे चार बारीक तुकडे. पंखा बंद करा. कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवून एका खोक्यात तुकडा टाका. बाकी दोन रिकामी. मग त्याला आत सोडा आणि हात मागे बांधून उभे राहा. तो तुमच्या तोंडाकडे बघेल, कारण त्याला सवय आहे आपण सांगण्याची. बघू द्या. थोड्या वेळाने नाक खाली जाईल. खोक्यात डोकं घालून त्याने तुकडा खाल्ला की तिथेच, त्याच खोक्यात, आणखी एक तुकडा द्या. बक्षीस आपल्या हातातून नाही, वासाच्या जागी मिळतं, हे त्याला कळलं पाहिजे.

घरात देशी कुत्रा असेल तर उत्तमच. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याने पोटासाठी हेच केलेलं असतं. मुंबईच्या पावसात चार दिवस बाहेर पडता आलं नाही, तरी वन रूम किचनमध्येही हा खेळ मावतो. दहा मिनिटांत कुत्रा असा झोपेल की जणू बागेच्या पाच फेऱ्या मारून आला.

पहिल्या दिवशी तीनच खोकी. चौथं उद्या.